झिला हॅस्लमने खरं सांगितलं

रंगमंचावर मी राण्या पाहिल्या, विधवा पाहिल्या. पण झिला हॅस्लमसारखी ताठ उभी राहणारी बाई पाहिली नाही.

लँकेशायरमधल्या आमच्या गिरणीगावात युनिटेरियन चॅपल होतं. झिला तिथली बाकं पुसायची, शेगडी पेटवायची आणि त्याबदल्यात चॅपलला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायची. देव एकच, येशू हा थोर माणूस, देव नव्हे, एवढं म्हटल्याबद्दल आमच्या पणजोबांच्या काळी लोकांनी चॅपलच्या खिडक्या फोडल्या होत्या. म्हणून आम्ही छाती फुगवून सांगायचो, इथे ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्यापाशी.

झिलाचा मुलगा वॉल्टर गिरणीच्या तळ्यात बुडून मेला. चॅपलचा विश्वस्त कर्शॉच गळ्याएवढ्या पाण्यात उतरून त्याला बाहेर घेऊन आला. माणूस दुष्ट नव्हता. पण पुढे एका सकाळी बाकं पुसता पुसता झिला येशूला हाका मारताना त्याने ऐकली आणि चहाच्या सभेत विषय निघाला.

"झिला, इथे कुणाला श्रद्धा विचारत नाहीत," कर्शॉ म्हणाला. "तरी सांग, येशू कोण?"

मी शेजारीच होतो. "काहीतरी गुळमुळीत बोल आणि बस गं," मी कुजबुजलो.

"का? लहानपणी इथेच शिकले ना, मनात असेल तेच बोलावं?" ती उभी राहिली. "देव आहे तो, मिस्टर कर्शॉ. नुसता भला माणूस माझ्या वॉल्टरला काय उठवणार? भली माणसं इथे ढिगाने बसलीत."

"अरे, पोपबाईंना चहा द्या कुणीतरी!" मागून कुणी ओरडलं. हशा पिकला.

मग मतं घेतली. श्रद्धेचं स्वातंत्र्य अबाधित राहावं: सगळे हात वर, झिलाचाही. खोल्या चॅपलच्या विचारांच्या माणसाला द्याव्यात: तिचा आणि माझा सोडून सगळे हात वर.

"बघ, तुला कुणी काढलं का?" कर्शॉची बायको तिच्यापुढे ताटली सरकवत म्हणाली. "सभासद आहेसच तू. फक्त खोल्या गेल्या. घे, हॅम संपायच्या आत."

सामान माझ्या हातगाडीवर चढवून आम्ही निघालो. वाटेत ती गावच्या मोठ्या चर्चमध्ये शिरली; तिथे येशूला देवच मानत. पाद्रीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, खूशही झाले. मग तिने विचारलं, वॉल्टर तिला देवाघरी भेटेल ना?

"मुलाला पाणी शिंपडलं तेव्हा नाव कुणाचं घेतलं होतं?"

"देवाचं. बापाचं."

"पुत्राचं नाही? पवित्र आत्म्याचं?"

"आमच्यात नाही घेत."

"मग तो बाप्तिस्मा नव्हेच, बाई. तुम्ही जरूर या. त्याचं मात्र मला काही सांगता येणार नाही."

झिलाने शालीची गाठ आवळली. "तो जिथे नाही, तिथे मी येऊन काय करू?"

ती शेजारच्या गावातल्या एका खानावळीचे जिने धुवायला लागली. रविवारीसुद्धा धुवायची.