खिशातलं टोकन

कोळशाच्या खाणीतून वर आलं का लॅम्परूममध्ये दिवा अन् टोकन जमा करा लागते; टोकन मोजूनच खाली कोणी राह्यलं का ते कळते. मी इसरून टोकन खिशात घेऊनच घरी जातो. लॅम्परूमची रंजीताबाई दरवेळी माह्यं तोंड हुंगते. डॉक्टरनं सांगतलं, दारू नाई, एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाई. "कामचोरायची नवी बिमारी!" बाई म्हणाली.

चूक नको म्हणून मी एकेक गोष्ट चारदा तपासू लागलो. डोकं पार थकलं. काल पाळी सुटली, पण मले उठताच येईना. खालीच बसून राह्यलो. वर मोजणीत माह्यं टोकन कमी भरलं. "पियुषनं नेलं असन घरी," म्हणत बाईनं खिडकी लावली.

पुढच्या पाळीच्या लोकायनं मले वर आणलं. बाईनं पहिले माह्यं तोंडच हुंगलं.