गराजमधलं मडकं आणि दहाव्याचा कावळा

प्रिय अन्वी आणि ईशान,

हे मी मराठीत लिहिते आहे. आई वाचून दाखवेल. आत्ताच लिहिण्याचं कारण एवढंच, की चँडलरचं घर विकायला काढलं आहे, आणि तुमचा बाबा ही हकिगत पार्टीत विनोद म्हणून सांगतो असं कानावर आलं. विनोद करू दे. पण तुमच्याकडे माझीही बाजू असावी.

आधी एक सांगते. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आजही नाही. मी आयुष्यभर पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं. मेलेल्या माणसाच्या शरीरात काय असतं ते मी रोज पाहिलं आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

ॲरिझोनातलं आमचं हे चँडलरचं घर अगदी साधं — मागे छोटं अंगण, भोवती ब्लॉकची भिंत, पलीकडे जुना कालवा. तुमच्या आजोबांना त्या अंगणात लिंबाचं झाड लावायचं होतं. माती इतकी कडक, की खड्डा खणायलाच दोन वीकेंड गेले. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. खड्ड्यात लहान घागरीएवढं, तांबूस नक्षीचं मडकं होतं. त्यावर एक वाडगं उपडं घातलेलं होतं, ते मात्र फावड्याने फुटलं होतं. मी आत पाहिलं. राख, आणि पांढुरके, तडे गेलेले तुकडे. भाजलेलं हाड कसं दिसतं ते मला वेगळं सांगावं लागत नाही.

"माणूस आहे," मी म्हटलं.

"म्हणजे आपल्यासारखंच की," आजोबा म्हणाले. "जाळून, गोळा करून ठेवलेला."

त्यांनी नेटवर वाचून काढलं. कोलंबस यायच्या कितीतरी आधी या भागात होहोकम लोक राहत. त्यांच्यात प्रेत जाळून अस्थी मडक्यात भरायची, वर वाडगं झाकायचं आणि पुरायचं अशी रीत होती. असं काही सापडलं तर सरकारी कार्यालयाला कळवावं लागतं. आजोबा म्हणाले, "सोमवारी फोन करतो. कुणाचा तरी बाप आहे हा, उघडा नको." मग स्वयंपाकघरातून माझं स्टीलचं वाडगं नेऊन त्यांनी मडक्यावर पालथं घातलं, फुटके तुकडे पेपरात बांधले आणि सगळं गराजमध्ये, उन्हापासून दूर ठेवलं.

रविवारी त्यांना हार्ट अटॅक आला. सोमवार त्यांनी पाहिला नाही.

त्यानंतर मडक्याची आठवण कुणाला राहणार? बाबा आणि आई मिनेसोटाहून धावत आले. तुम्ही दोघं फार लहान होतात, तिकडेच दुसऱ्या आजीजवळ राहिलात.

दहाव्याला गुरुजी घरीच आले. अंगणाच्या भिंतीवर केळीच्या पानावर पिंड ठेवला आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो. माहीत नसेल तर सांगते — दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, म्हणजे गेलेल्याची काही इच्छा मागे राहिली नाही, असं आपल्यात मानतात. नाही शिवला तर घरचे लोक अंदाजाने वचनं देत बसतात. चँडलरला कावळे जवळजवळ नाहीतच. इथे ग्रॅकल नावाचे काळे, कर्कश पक्षी असतात, ते पार्किंगमधल्या फ्रेंच फ्राइजसुद्धा सोडत नाहीत. त्या दिवशी ते भिंतीवर ओळीने बसले होते, आणि पिंडाकडे एकही फिरकला नाही. हे मला तेव्हाच खटकलं.

बाबा म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन. काळजी करू नका."

काही नाही.

आजोबांचे मित्र साठेकाका पुढे आले. "वसंता, तुझी गोल्फची किट मी नेणार होतो. नेत नाही. झालं समाधान?"

"साठेकाका, प्लीज," आई हसू दाबत म्हणाली आणि गुरुजींसाठी खुर्ची आणायला गराजमध्ये गेली. खुर्चीशिवायच परत आली.

"आई, तिथे ते वाडग्याने झाकलेलं काय आहे?" तिने मला विचारलं.

तेव्हा मला सोमवार आठवला. मी सगळं सांगितलं. बाबा हळूच म्हणाला, "आई, आत्ता नको हा विषय. कळवलं तर अख्खं अंगण खणून काढतील."

"खणू देत," मी म्हटलं. मग भिंतीकडे वळून, एरवी त्यांच्याशी बोलायचे तशीच बोलले, "अहो, तो माणूस त्याच्या माणसांकडे पोचवते."

ग्रॅकल सगळे एकदम उडाले. कालव्याकडून एक रेव्हन आला — कावळ्याच्याच कुळातला, आपल्या डोमकावळ्याहूनही मोठा — आणि पिंडाशेजारी बसला. त्याने पिंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शिवला मात्र नाही. तसाच उडून गेला.

"गुरुजी, हा मोजायचा का?" साठेकाकांनी विचारलं.

"आला, पण शिवला नाही," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करून शिववू या, काकू. शास्त्राला ते चालतं."

शास्त्राला चाललं. मला नाही चाललं. तुमचे आजोबा "करते" या शब्दाला कधीच भुलले नाहीत. "झालं की सांग," म्हणायचे. माझी झोप उडाली ती त्यामुळे. माणूस अडकला असेल की नाही हे मला ठरवता येत नव्हतं, आणि असा प्रश्न मला पडावा याचाच राग येत होता.

मी त्या सरकारी कार्यालयाला फोन केला. त्यांनी अंगण थोडंसंच खणलं, आणखी काही निघालं नाही. काही आठवड्यांनी मडकं न्यायला तिघं जण आले. त्यांत इथल्या मूळ लोकांपैकी एक वयस्क बाई होत्या. होहोकम लोकांना ही माणसं आपले पूर्वज मानतात. बाई गराजमध्ये मडक्यापाशी बसून त्यांच्या भाषेत हलकेच काही बोलल्या. मग वाडग्याला हात लावून त्यांनी मला विचारलं, "हे कुणी झाकलं?"

"माझ्या नवऱ्याने. तो आता नाही."

"आम्हीही झाकतो," त्या म्हणाल्या. वाडगं त्यांनी काढलं नाही, मीही मागितलं नाही.

त्यांची गाडी वळली तेव्हा भर दुपार होती. मी स्वयंपाकघरात आले. बाहेर भिंतीवर रेव्हन बसला होता. दहाव्यानंतर तो मला एकदाही दिसला नव्हता. मी दहीभात कालवून अंगणात पानावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरले. तो सरळ आला, भाताला चोच लावली, सावकाश खाल्लं आणि गेला. त्यानंतर आजवर परत आलेला नाही.

बाबा म्हणतो, "आई, कोइन्सिडन्स." असेल. रेव्हन वाळवंटातून शहरात येतात, हे मीही वाचलं आहे. पण ग्रॅकलनी पिंडाचा भात का सोडला, आणि तो नेमका त्या दोन वेळांनाच का आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या रात्री मी झोपले, एवढं खरं.

ते मडकं पुन्हा जमिनीत आहे, आतल्या माणसासकट. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

— आजी