मागच्या सीटवरची शोभना

माझी भावजय शोभना हिच्याबद्दल लिहायला बसले की आधी माझ्या भावाचा राग येतो, मग वडिलांचा, आणि तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत चहा गार होतो. तरी लिहिते. आमच्या घरात तिच्याबद्दल सगळे बोलतात, तिला मात्र कुणी काही विचारत नाही.

शोभना माहेरची देवासची. लग्नाच्या आधीपासून गौतमपुऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवते. दिवाळीनंतर हिंगोटच्या, म्हणजे दारू भरलेली पेटती फळं एकमेकांवर फेकायच्या, खेळात हात भाजून घेतलेली पोरं वर्गात आली की ती आधी मलम लावते, मग झापते, आणि नंतर त्यांना फळ्यापाशी उभं करून समीकरण सोडवायला लावते. पोरं तिला टरकून असतात आणि सुट्टीतसुद्धा फोन करतात. घरी आली की ती नुसती सूनबाई.

आमचे वडील दौलतराव, म्हणजे सगळ्यांचे बाबासाहेब. संस्थानच्या काळी दरबारातून मिळालेल्या जमिनीचा एक तुकडा गौतमपुऱ्याकडे अजून शिल्लक आहे. तिथे रोज जाऊन गड्यांच्या डोक्यावर बसणं हा त्यांचा उद्योग. माझ्या धाकट्या भावाचं, अशोकचं, खताचं दुकानही तिकडेच. त्यामुळे इंदूरहून रोज सकाळी तिघं एकाच गाडीने निघतात. अशोक चालवतो, बाबासाहेब त्याच्या शेजारी, शोभना मागे. पुढची सीट बाबासाहेबांची, हे कधी कुणी ठरवलं नव्हतं, आणि म्हणूनच ते मोडायची कुणाची छाती नव्हती.

गेल्या वर्षी अशोकने इंदूरच्याच भंवरकुआं भागातल्या एका विद्यार्थ्याकडून जुनी गाडी घेतली. पोरगं शौकीन होतं. गाडीला त्याने कॉइलओव्हर बसवले होते. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बर एकाच दांड्यावर. दांड्याची कडी फिरवली की गाडी वर-खाली होते, आणि नॉब फिरवला की कडक किंवा नरम. त्या पठ्ठ्याने गाडी पार खाली बसवली होती, मागून तर फारच. अशोक मला म्हणाला, “ताई, स्पोर्टी लुक आहे.” पन्नाशीचा माणूस, खताच्या दुकानावर जातो, आणि याला स्पोर्टी लुक हवा.

पहिल्याच आठवड्यात शोभना म्हणाली, मागे फार दणके बसतात. अशोक म्हणाला, “नवीन आहे ना, आदत होऊन जाईल.” ती पुन्हा म्हणाली, तेव्हा मोठी मेहरबानी केल्यासारखी त्याने गाडी नंदूच्या गॅरेजवर नेली. नंदूने चारही नॉब नरम केले. मग चाचणी झाली. नंदूने गाडी चालवली, बाबासाहेब पुढे बसले, अशोक गॅरेजवर चहा पीत थांबला. परत येऊन बाबासाहेब म्हणाले, “एकदम मक्खन.” झालं, गाडी पास. असं तीनदा झालं. दर वेळी नॉब आणखी नरम, दर वेळी बाबासाहेबांचं मक्खन, आणि दर वेळी मागचे दणके आधीपेक्षा जोरात.

एकदा शोभनाने विचारलं होतं, “मी काही दिवस पुढे बसू का?” अशोक म्हणाला, “आणि बाबासाहेब मागे बसणार? बरं दिसतं का ते?” बाबासाहेब तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. बाबासाहेबांच्या गुडघ्यांना, कमरेला, मानेला काहीही झालेलं नाही. वयाच्या मानाने माणूस ठणठणीत आहे.

पावसाळा संपता संपता तिला वाकता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली गादी सरकली आहे, धक्के टाळा. यावर आमच्या घरातल्या दोन पुरुषांनी विचार केला आणि त्यांना उपाय सापडला. नोकरी सोड. गाडी तर ठीक आहे, बाबासाहेब रोज त्याच गाडीत बसतात, त्यांना काही होत नाही, म्हणजे दोष तुझ्या पाठीचा. अशोक म्हणाला, “तुला कशाची कमी आहे? आराम कर ना. मी बोलतो तुझ्या हेडमास्तरांशी.” हे मला कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळा तिची, मुलं तिची, पाठ तिची, आणि हेडमास्तरांशी हा बोलणार.

हरभरा भरला तेव्हा एका रविवारी शेतावर होळे भाजायचा बेत ठरला. मलाही बोलावणं आलं. सकाळी सगळे गाडीपाशी जमले, बाबासाहेबांनी दाराला हात घातला आणि मी म्हटलं, “बाबासाहेब, आज मी पुढे बसते.”

ते लगेच बाजूला झाले. “बैस की, बेटा. माहेरवाशीण तू, तुला कोण नाही म्हणणार?” आणि स्वतः मागे जाऊन बसले. इतकं सोपं होतं ते. शोभनाने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात आभार वगैरे काही नव्हतं.

शहर मागे पडलं आणि पहिला दणका बसला. बाबासाहेब म्हणाले, “अशोक, जरा हळू.” दुसऱ्याला त्यांचं डोकं टपाला लागलं. तिसऱ्याला ते ओरडले, “ही गाडी आहे की छकडा?”

“बाबासाहेब, रोजचीच गाडी आहे,” अशोक म्हणाला.

देपालपूर गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. शोभनाने दोन्ही तळवे सीटवर टेकले आणि हातांवर भार देऊन स्वतःला थोडं वर उचललं. बाबासाहेबांनी विचारलं, “सूनबाई, हे काय करते आहेस?”

“ब्रेकर येतो आहे.”

आणि आला. बाबासाहेब आदळले, ती नाही. मग ती खाली टेकली. पुढच्या वळणाआधी तिने पुन्हा तळवे टेकले. ती रस्त्याकडे बघतसुद्धा नव्हती. अख्खा रस्ता तिला पाठ होता, आणि जाता-येता रोज ती अशीच स्वतःला हातांवर उचलून धरत जात होती, पुढे दोघं पिकाचे भाव बोलत असताना. मला तिथल्या तिथे अशोकच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

“रूपा,” बाबासाहेब कण्हत म्हणाले, “आता तू मागे ये जरा.”

“नाही,” मी म्हटलं. “शेत येईपर्यंत नाही.”

सोमवारी सकाळी गाडी नंदूकडे होती. बाबासाहेबांची कंबर धरली होती, त्यामुळे आता घाई होती. या वेळी नंदू स्वतः मागे बसला, अशोकने गाडी चालवली. पहिल्याच ब्रेकरनंतर नंदू म्हणाला, “भिया, मागे तर कुणी बसून बघितलंच नव्हतं.” गाडी मागून इतकी खाली होती की शॉकला दबायला जागाच नव्हती, नॉब नरम केला की तो आणखी लवकर तळाच्या रबरावर जाऊन आपटायचा. त्याने कड्या फिरवून मागची बाजू वर घेतली, नॉब थोडा कडक केला, चाकांतली जास्तीची हवा काढली. एका दुपारीत काम झालं. तिची पाठ गेली तेव्हा कुणाला एक दुपार सापडली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी मी गेले तर अंगणात बाबासाहेब शेजारच्या अप्पासाहेबांना सांगत होते, गाडीतला दोष आपण कसा पकडला ते. अशोक माना डोलावत होता. शोभना चहा घेऊन आली. त्याच दिवशी नव्या बसवणुकीवर तिची शाळेची पहिली फेरी झाली होती. अशोक मोठ्या तोऱ्यात म्हणाला, “मग? आता कसं वाटतंय मागे?”

तिने ट्रे खाली ठेवला. “ते बाबासाहेबांना विचारा. इतके दिवस त्यांनाच विचारत होतात.”

अप्पासाहेब कपात बघू लागले.

“आणि हेडमास्तरांना मी स्वतः सांगून आले आहे,” शोभना म्हणाली, “की माझ्या नोकरीबद्दल माझ्या घरचं कुणी आलं तर त्याला बसायलासुद्धा सांगू नका.”