‘स्थानिक मेंढपाळांचं म्हणणं’

कराडच्या कॉलेजात मी पोरांना बातमी तपासायला शिकवते. कोणी लिहिली, कोणाला विचारून लिहिली, ज्याच्यावर बोट ठेवलं त्याला बोलू दिलं का, एवढंच. पोरांना ते एका तासात कळतं. माझ्या बापाला, आबांना, मी दिवाळीपासून सांगतेय, भिंतीवर डोकं आपटायची पाळी आली, पण उपयोग शून्य.

आम्ही दुष्काळी भागातले मेंढपाळ. पावसाळा सरला की आबा कळप घेऊन आष्ट्याकडं उतरायचे आणि दरवर्षी एकाच शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायचे. रानाला लेंड्यांचं खत मिळायचं, आम्हाला धान्य. त्या शेतकऱ्याला मी कळत्या वयापासून काका म्हणते. जात वेगळी, तरी माझ्या लग्नात मामा म्हणून पाठीशी तेच उभे राहिले.

यंदा त्यांच्या रानात आमची मेंढरं मेली. शेजारच्या कापलेल्या ज्वारीला कोवळे फुटवे आले होते, ते पोटात गेले. असले फुटवे विषारी असतात हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जेवण झाल्यावर आबांचा जरा डोळा लागला आणि तेवढ्यात कळप बांध ओलांडून गेला. काका अनवाणी धावले, जनावरांच्या डॉक्टरला गाडीवर घालून घेऊन आले. मी पोचले तेव्हा डॉक्टर सांगत होते, फुटव्यांनीच गेली. आबा मान डोलवत होते.

दुसऱ्या दिवशी एका वेबसाइटवाल्याचा फोन आला. आमच्या भावकीच्या ग्रुपवर त्या साईटचे लेख रोज येऊन पडतात. विषय कुठलाही असो, ऊस असो, पाणी असो, नाहीतर एखाद्या पोराचं नापास होणं असो, शेवटी दोषी कोण, तर काकांची जात. तो माणूस आबांना फिरून फिरून विचारत होता, कुणी काही घातलं तर नसेल ना? आबा रडून रडून थकलेले. म्हणाले, "काय सांगावं बाबा. घातलं बी असंल कुणी."

संध्याकाळी लेख आला. ‘मेंढपाळाच्या कळपावर विषप्रयोग, स्थानिक मेंढपाळांचं म्हणणं.’ काकांच्या गावासकट, गटनंबरासकट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आबा, नीट बघा," मी म्हटलं. "लिहिणाऱ्याचं नाव नाही. डॉक्टरला विचारलं नाही, काकांना विचारलं नाही. आणि ही फोटोतली मेंढरं तरी आपली हायत का?"

फोटोतली मेंढरं पांढरी होती. आमचा कळप सगळा काळा. एरवी माळाच्या त्या टोकाचं मेंढरू कुणाचं, ते आबा इथून सांगतात.

"फोटू कुठला बी असंना," ते म्हणाले. "आपल्या बाजूनं दुसरं कोन लिवतंय, सांग की."

आमची मेंढरं याआधीही मेली होती, पण कुठल्या पेपरात एक ओळ आली नव्हती.

तरी मी हट्टानं म्हटलं, "आवं, हे स्थानिक मेंढपाळ म्हणजे तुमीच! तुमच्याशिवाय त्यानं कुणाला फोन केला? तुमचीच शंका त्यानं तुम्हाला खरी म्हणून परत दिली."

आबांनी मोबाईल हातात घेऊन तो मथळा पुन्हा बघितला. मला वाटलं, पटलं. देवा, मला खरंच वाटलं, पटलं!

"मंजी मी खोटं बोलतोय व्हय?" ते म्हणाले आणि उठून गेले.

तेव्हा मी हात टेकले. आबांना ती डुलकी सोसत नव्हती. त्या साईटनं त्यांची डुलकी पुसून टाकली होती, आणि मी शहाणी ती पुन्हा पुन्हा त्यांच्यासमोर मांडत होते.

मग बाकीच्या कळपांनी काकांच्या रानाकडं पाठ फिरवली. कुणीतरी त्यांच्या दारात उभं राहून व्हिडिओ काढला, त्यात त्यांची सून तोंडावर पदर ओढून आत पळताना दिसते. त्या व्हिडिओचीही साईटवर बातमी झाली. आबांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

गेल्या रविवारी मी आबांकडं आले होते, तेव्हा काकांचा मला फोन आला. आवाज पार खोल गेलेला. "पोरी, मला दुसरं कायबी नगं. तुझ्या बाला एवढंच इचार, मी घातलं का? त्याच्या तोंडनं एकदा न्हाई म्हनू दे. लोकं त्येचं ऐकतील."

मी स्पीकर लावून फोन आबांच्या पुढं धरला. आबा, एक शब्द, मी नुसत्या ओठांनी म्हणत होते. आबांनी घसा खाकरला. एवढ्या वर्षांचा दोस्त, त्याला नावानं हाकसुद्धा मारली नाही.

"आमी काय सांगनार," ते म्हणाले. "लिवलंय की त्यात समदं."

काकांनी फोन ठेवला नाही. आबा उठून शेळीला पाला टाकायला गेले, आणि शेवटी फोन मीच बंद केला.