दिवा गोदामाचा

आमच्या नागपूरच्या कापसाच्या कचेरीत फोनच्या बोर्डावर बसणाऱ्या बाई कोणाचाच आवाज मानत नसत. कुठल्याही टेबलावरचा फोन उचलला की बोर्डावर त्याचा दिवा पेटे. बाई तो मानत. कोणीतरी कँटीनच्या फोनवरून साहेबांचा आवाज काढून ट्रकभर गाठी सोडवून नेल्या, तेव्हापासून तर फारच. "आवाज कोणीबी काढते गा," मला म्हणत, "दिवा कायले खोटं बोलन?"

एकदा खुद्द साहेबांनीच गोदामातून फोन उचलला. मुंबईत भाव कोसळत होता.

"बाई, मी बोलून राहिलो! मुंबई लावा लवकर!"

"आवाज साहेबांचा आहे, दिवा गोदामाचा. मुंबई साहेबांच्या टेबलावरच मिळन."

साहेब भर उन्हात आवार ओलांडून, धापा टाकत बोर्डापुढे येऊन उभे राहिले. "आता तरी पटलं?"

"पटलं. पण टेबलावर जाऊन फोन उचला नं."

मला वाटलं, गेली बाईंची नोकरी. साहेब पाय आपटत आपल्या खोलीत गेले. दिवा पेटला. बाईंनी पदर सारखा केला आणि अदबीनं म्हणाल्या, "नमस्कार साहेब. कुठं लावू?"