उपरण्याखालची बोटं

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "सर्व्हायकल स्पाँडिलोसिस." माझा चेहरा बघून त्यांनी फोड करून सांगितलं, "मानेच्या मणक्यांची झीज. हाताकडे जाणारी शीर दबते, म्हणून बोटं बधिर होतात. झिजलेलं भरून येत नाही, पण मान बळकट करता येते."

मी घोडेगावच्या बाजारातला बैलांचा दलाल. आमचा सौदा तोंडानं होत नाही. उपरण्याखाली हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा मी मानेला बिब्बा घातला. कातडी भाजली, दुखणं जिथल्या तिथं. मग एका सौद्यात समोरच्यानं चार बोटं दाबली आणि मला तीनच कळली. सौदा मोडला. पुढं माझ्या उपरण्याखाली हात घालायला लोक कचरू लागले. दलालाचा हात गेला म्हणजे राहिलं काय? बाजाराच्या दिवशी मी घरात पडून राही, आणि रडू येई.

नगरच्या दवाखान्यात आधी शॉर्टवेव्हचा शेक देत, म्हणजे विजेच्या यंत्राची आत खोल जाणारी ऊब. त्या उबेत डोळे मिटत. लांबून घुंगरं ऐकू येत, पांढरी खिल्लारं धुळीवरून तरंगत जात, आणि कुणीतरी माझं नाव घेई. ते डॉक्टर असत.

"आता आयसोमेट्रिक व्यायाम. म्हणजे मान हलवायची नाही. तळहात कपाळाला लावा, डोक्यानं हात रेटा, हातानं डोकं अडवा."

मी बैलासारखा जोर लावला. ते म्हणाले, "कुस्ती नाही ही. हळू."

गळ्यात पट्टा घालून घरी आलो तर शेजारी म्हणाला, "दलालालाच दावनीला बांधला व्हय?" मलाही हसू आलं.

पहाटे अंगणात माझी बायको गंगू माझ्या कपाळाला तळहात लावून बसे. मी डोळे मिटून हळू रेटत राही. अर्धी झोप, अर्धी जाग. मग एकदा तिनं आपल्याच मनानं माझा हात हातात घेतला, वर उपरणं टाकलं आणि बोटं दाबली. बाईमाणसानं उपरण्याखाली हात घातलेला आमच्या बाजारात कुणी पाहिला नसेल. "वळखा," ती म्हणाली. मी चुकलो. ती रोज दाबत राहिली.

थंडी सरता सरता एका सकाळी मी म्हणालो, "चार."

"व्हय."

मी हात सोडला नाही. तिच्या बोटावर एक आडवी, टणक रेघ लागत होती. "हे काय गं?"

"गवत कापताना इळा लागल्ता. थोरला पोटात हुता तवा. तुमी बाजाराला गेल्ते."

पुढच्या बाजारापासून मी पुन्हा सौदे करू लागलो. मान अजून कुरकुरते, व्यायाम सोडलेला नाही. ज्यांना हे दुखणं लागेल त्यांनीही सोडू नये, आणि घाई तर मुळीच करू नये. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण मला राहून राहून ती रेघ आठवते. थोरला आता माझ्याबरोबर बाजाराला येतो. माझी बोटं धडधाकट होती तेव्हा, इतक्या वर्षांत, ती रेघ मला कधी लागली नव्हती.