निवलेले अणू

मे महिन्यात झाशीत पारा सेहेचाळीसला टेकतो. अशा गावातली मुलगी म्हणे अणू थंड करते! मग तिच्या खंडेराव गेट मोहल्ल्यातल्या लोकांनी काय समजायचं? समजले ते कूलर. शेजारचे चौरसियाजी तर रमाकांतरावांना दर उन्हाळ्यात विचारायचे, "भैया, बिटिया कब आ रही है? हमारा कूलर हवा नहीं फेंक रहा." रमाकांतराव रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले कारकून. ते हसून वेळ मारून न्यायचे, कारण पोरगी नेमकं काय करते हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

ही सल त्यांच्यापेक्षा त्यांच्या मुलीला, स्वरदाला जास्त होती. बी.एस्सी.पर्यंत झाशीत, मग कानपूर, मग जर्मनी. तिथे तिनं निर्वात पेटीत लेसरनं अणू पकडायचं काम घेतलं आणि पकडलेला अणूंचा ढग रोज तिच्या डोळ्यांदेखत नाहीसा व्हायचा. सोबतचे सोडून गेले, बाई हटली नाही. अख्खी पेटी सुटी करून तिनं केसाएवढी गळती शोधली. पुढे शोधनिबंध छापून आले, नाव झालं, बेंगळुरूला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. पण फोनवर बाबांनी "म्हणजे थंडच करतेस ना गं?" असं विचारलं, की ती हिंदी, मराठी, इंग्रजीची खिचडी करून थकायची आणि "हो बाबा" म्हणून मोकळी व्हायची. फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडायची.

यंदा गणपतीत झाशीच्या मराठी मंडळानं तिचं भाषण ठेवलं, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं: मराठीतच बोलायचं आणि बाबांना कळेल असं बोलायचं. बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

"माझी शिक्षा इथेच झाशीत झाली," तिनं सुरुवात केली.

सभागृह खदखदून हसलं. हिंदीतली शिक्षा मराठीत आली की तुरुंगात जाते, हे बाईसाहेब विसरल्या होत्या. "कसला गुन्हा केला होतास गं?" कमळाबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं. त्यांनीच तिला लहानपणी अथर्वशीर्ष शिकवलेलं, तेव्हा त्यांना सगळं माफ. स्वरदा लाल झाली. "थंड अणू" म्हणाली, तर मागून कुणीतरी "फ्रिज" म्हणालं. पुढचे शब्दच सुचेनात.

तेवढ्यात सरलाताईंनी, म्हणजे तिच्या आईनं, नवऱ्याच्या हातात चहाचा पेला दिला आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाल्या, "भाजेल, जरा निवू दे."

स्वरदा थबकली. मग टेबल सोडून पुढे आली.

"बाबा, मी अणू थंड नाही करत. मी त्यांना निववते. उष्णता म्हणजे अणूंची धावपळ. मी चहूबाजूंनी प्रकाश टाकते, तो त्यांना हलके हलके अडवतो आणि ते निवतात. संध्याकाळी आपल्या गेटातून कसे सगळे एकमेकांच्या अंगावर जातात? निवलेले अणू तसे जात नाहीत. मी त्यांच्यासाठी प्रकाशाचीच एक अरुंद वाट करते आणि ती थोडी थोडी रुंद करत जाते. तरी प्रवाह वाढत नाही, हटून बसतो. आणि मग एकदम एक अख्खी पायरी चढतो."

"अर्धी पायरी नाही?" रमाकांतरावांनी विचारलं.

"नाही बाबा. अख्खीच."

"आणि हे तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"पडद्यावर, आलेखात. माझ्याच अणूंच्या."

रमाकांतरावांनी पेला खाली ठेवला आणि मागे वळून सगळ्या सभागृहाकडे एकदा बघून घेतलं.

घरी पोचतात तो चौरसियाजी ओट्यावर हजर. "भैया, बिटिया आई है तो ज़रा कूलर..."

"कूलर मिस्त्री को दिखाइए," रमाकांतराव म्हणाले. "हमारी बिटिया ठंडा नहीं करती. निववते."

"क्या करती है?"

"बैठिए. समझाता हूँ." त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

स्वरदा दाराआड उभी राहिली. मोठमोठ्या परिषदांत तिनं हे सांगितलं होतं, पण आज ती कान देऊन ऐकत होती. धावपळ, प्रकाश, खंडेराव गेट, अरुंद वाट, बाबांचं कुठेही चुकलं नाही. "और तब, चौरसियाजी," त्यांचा आवाज चढला, "एक पूरी सीढ़ी. आधी नहीं."

आतून आईची हाक आली, "स्वरदा, चहा निवला गं."

"निवू दे," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.